तीन बाजूंनी आमटी

"सुई टोचायच्या आधी सांग," घरत सर म्हणाले, "द्वीपकल्प म्हणजे काय?"

हादियाने त्यांच्या दंडाला रबरी पट्टी आवळली. वाशीच्या त्या लॅबमध्ये सकाळचे साडेसात वाजले होते, बाहेर अकरा माणसं उपाशीपोटी ताटकळत होती, आणि तिच्यासमोर तिचे चौथीचे वर्गशिक्षक बाही वर करून परीक्षा घ्यायला बसले होते.

"सर, मूठ आवळा."

"आवळली. द्वीपकल्प."

"ते... बेटासारखंच असतं ना सर काहीतरी? पण कमी."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे... थोडं कमी बेट. आता मूठ सोडा सर."

सरांनी मूठ सोडली आणि आशाही सोडली. सुई कधी आत गेली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. हादियाने कापसाचा बोळा दाबला आणि चेहरा एकदम उजळून विचारलं, "सर, ते हरीण आहे का अजून?"

"आहे," सर म्हणाले आणि बोळा धरून बाहेर पडले.

नामदेव घरत तुर्भ्याच्या एका पालिका शाळेत सत्तावीस वर्षं चौथीला शिकवत होते. बाकीचे शिक्षक वर्ग बदलत, शाळा बदलत, एकाने तर धंदाच बदलून पाणीपुरीची गाडी लावली. सर मात्र चौथीतच. दरवर्षी पोरं पास होऊन पाचवीला जायची आणि सर नापास झाल्यासारखे तिथेच राहायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. घरात बायको, गच्चीवर कढीपत्ता, संध्याकाळी खाडीवर एक फेरी, असा माणूस सुखी होता. फक्त एक गोष्ट त्यांना आतून कुरतडायची.

नवी मुंबईत कुठेही जा, त्यांचा एखादा विद्यार्थी भेटायचाच. कुणी रिक्षाच्या पुढच्या सीटवर, कुणी बँकेत काचेच्या पलीकडे. भेटला की सर 'कसा आहेस' विचारायच्या आधी भूरूपे विचारायचे. पर्वत, पठार, दरी, बेट, द्वीपकल्प. हा त्यांच्या मते त्यांचा सगळ्यात चांगला धडा. त्यासाठी त्यांच्याकडे एक रंगीत तक्ता होता. त्यात बर्फ पडलेला पर्वत होता, टेबलासारखं पठार होतं आणि निळ्या पाण्यात एक बेट. बेटावर एक नारळाचं झाड आणि झाडाखाली, चित्रकाराच्या मनात काय आलं देव जाणे, एक हरीण.

सत्तावीस वर्षांत हजारएक पोरं झाली. बरोबर उत्तर एकाचंही नाही. हरीण मात्र सगळ्यांच्या लक्षात.

ट्रॅफिक पोलीस झालेल्या ऋषीने त्यांना एकदा हेल्मेट नाही म्हणून अडवलं. सरांनी त्याला पठाराची व्याख्या विचारली. ऋषीने मागच्या रांगेकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि "जावा सर तुमी" म्हणून हात जोडले. आणि शिवतेज तर शाळेमागच्या खाणीवरच डंपर चालवायचा. त्याला सरांनी सोप्यातला सोपा प्रश्न घातला, "डोंगर म्हणजे काय?"

शिवतेजने प्रामाणिकपणे विचार केला. "दिवसाला सहा खेपा, सर."

हा डोंगर म्हणजे वाघोबाचा डोंगर. पुस्तकाच्या मापाने टेकडी, पण सरांचं गाव त्याच्या पायथ्याशी होतं, आणि पायथ्याच्या माणसाला टेकडीसुद्धा डोंगरच असते. आता तो अर्धा उरला होता. शाळेतून बघितलं तर डावी बाजू उतरती, हिरवी. उजवी बाजू सुरीने केक कापावा तशी सरळ खाली.

तर हादियाच्या 'कमी बेटा'नंतर आठच दिवसांनी प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय, 'मेंदू-आधारित अध्ययन'. मुख्याध्यापिका करिमुन्निसा मॅडमनी पत्र सगळ्या शिक्षकांपुढे वाचून दाखवलं. एकाच्या घरी लग्न निघालं, एकीच्या पाठीत उसण निघाली. घरत सर म्हणाले, "मी जातो." मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. प्रशिक्षणाला माणूस स्वतःहून गेल्याची त्या शाळेत नोंद नव्हती.

प्रशिक्षक रणजीत सर पुण्याहून आले होते. वय सत्तावीस, म्हणजे घरत सरांच्या नोकरीएवढंच. गालाला माइक चिकटवलेला, हातात रबरी मेंदू. ते म्हणाले, मेंदू म्हणजे डबा नव्हे, की भरला आणि झाकण लावलं. मेंदूच्या लक्षात राहतं ते हलणारं, वास येणारं, चव असणारं, हसवणारं, रडवणारं आणि घराजवळचं. घरत सरांनी वहीत एकाखाली एक सहा शब्द लिहिले: हल, वास, चव, हसू, रडू, घर.

"आणि विचारत राहा," रणजीत सर म्हणाले. "एका दिवसाने विचारा, आठवड्याने विचारा, महिन्याने विचारा."

घरत सरांनी हात वर केला. "आम्ही दहा-पंधरा वर्षांनीपण विचारतो."

"अरे वा! मग काय येतं?"

"हरीण येतं."

रणजीत सरांनी रबरी मेंदू या हातातून त्या हातात घेतला आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

सोमवारी सरांनी तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला आणि 'हल' पासून सुरुवात केली. बाकं भिंतीला लावली. चार पोरं ओणवी राहिली, त्यांच्यावर तीन, आणि सगळ्यात वर उसामा, वजनाने हलका आणि तोंडाने जड. असा पर्वत झाला. दोन रांगांच्या मधून मुलींनी दरी केली. पर्वत साधारण नऊ सेकंद टिकला. भूस्खलन त्या धड्यात नव्हतं, पण तेही शिकवून झालं.

"सर, शिखराला लागलं," उसामा खालून म्हणाला.

मंगळवारी 'वास'. सरांनी खाडीवरून डबाभर चिखल आणला आणि वर्गात फिरवला. दहा मिनिटांत शिपाई निरोप घेऊन आला, त्याच्या मागोमाग मॅडम स्वतः आल्या, नाकाला ओढणी लावून.

"घरत सर, तुमचा धडा माझ्या ऑफिसात आलाय."

"खाडी शिकवतोय, मॅडम."

"समजली. मला समजली, ट्रस्टीला समजेल, समोरच्या सोसायटीलासुद्धा समजली." पालिकेच्या शाळेला ट्रस्टी नसतो हे मॅडमना माहीत होतं, पण वासाने माणूस गोंधळतो. "आता पुढे काय आहे?"

सरांनी वही बघितली. "चव."

मॅडमनी डब्याकडे पाहिलं. "चिखलाची?"

"नाही मॅडम. उद्या बुधवार. भात-आमटी."

शाळेच्या पोषण आहाराचं पुतळाबाई बघायच्या. सरांच्याच गावच्या, वयाने सरांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. गावात त्या सरांना 'नामा' म्हणत आणि शाळेच्या फाटकातून आत आल्या की 'गुरुजी'. फाटकाबाहेर पडल्या की परत नामा. बुधवारी त्यांनी पातेलं व्हरांड्यात आणून ठेवलं आणि पाहतात तो चौथीच्या एकेचाळीस पोरांनी हात धुऊन मांडी ठोकलेली, ताटं समोर, आणि खायचं कुणी नाव घेईना.

"ऐका," सर म्हणाले. "जे करायचं ते भाताचं. पाणी म्हणजे आमटी. नाव सांगितल्याशिवाय घास नाही. आधी पठार."

पोरं कामाला लागली. भात थापला गेला, माथा सपाट झाला. पुतळाबाईंच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"गुरुजी, यो काय चाललाय?"

"भूगोल."

"मी भात रांधते, डोंगर नाय रांधत. अन्न हाय त्या. खेलना नाय."

"एक शीत वाया जाणार नाही, पुतळाबाई. सगळा अभ्यासक्रम खाऊन संपवायचाय."

तेवढ्यात उसामा ताट घेऊन उभा. "पठार झालं सर. अजून एक पठार मिळेल?"

इतक्या वर्षांत त्या शाळेत अभ्यास कुणी मागून घेतला नव्हता. पुतळाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि डाव भरला.

मग धडा पळत सुटला. भाताच्या दोन ढिगांमधून आमटी सोडली, दरी आणि नदी एका दमात झाली. ढिगाला खड्डा करून आत आमटी ओतली, सरोवर झालं. कुणीतरी ते फोडलं, ज्वालामुखी झाला. मध्ये भात आणि चारी बाजूंनी आमटी, बेट. आणि मग भाताचं एक टोक ताटाच्या काठाला चिकटवून ठेवायचं, बाकी तीन बाजूंनी आमटी.

"हे काय झालं?"

"द्वीपकल्प!" एकेचाळीस तोंडं एकदम म्हणाली, त्यातली बरीचशी भरलेली.

सर इतके खूश झाले की त्यांनी शेवटचं सोपं म्हणून ठेवलेलं सांगून टाकलं, "आता डोंगर करा, आणि जेवा."

पोरांनी डोंगर केले. सर रांगेतून बघत निघाले आणि तिसऱ्या ताटापाशी थांबले. चौथं पाहिलं, पाचवं पाहिलं. प्रत्येक ताटात डोंगर एका बाजूने उतरता आणि दुसऱ्या बाजूने सरळ उभा कापलेला. जागृतीने तर कापलेली बाजू चमच्याने घासून गुळगुळीत केली होती.

"जागृती, हे असं का? डोंगराला दोन्हीकडे उतार असतो."

पोरीने सरांकडे जरा काळजीने पाहिलं. "नाय सर. ते बघा ना." तिने व्हरांड्याबाहेर बोट दाखवलं.

बाहेर वाघोबाचा डोंगर उभा होता, तिने केला होता तस्साच. खाणीवर एक डंपर भरत होता. शिवतेजची खेप असावी. हजार पोरांना चूक म्हणून झालं होतं, पण या एकेचाळीस जणांची चूक कुठे आहे ते त्यांना सापडेना. एवढ्या वयात त्यांनी डोंगर पाहिलाच होता तो असा.

तेव्हा पुतळाबाई पुढे आल्या. त्यांनी जागृतीच्या ताटात कापलेल्या बाजूला डावभर भात घातला. मग डाव उलटा करून त्याच्या पाठीने तो भात थापला, थोडा वर, थोडा खाली, एका जागी अंगठ्याने खळगा केला. "हितं वाघोबा," त्या म्हणाल्या. मग अजून एकदा थापला आणि हात मागे घेतला.

"असा व्हता."

मग अरमानने ताट पुढे सरकवलं. "मावशी, माझापण करा." आणि मग रांगच लागली. त्या दिवशी पुतळाबाईंनी एकेचाळीस डोंगर पुरे केले. पातेलं खरवडून निघालं. सर जवळच उभे होते. नवव्या वर्षी खऱ्या डोंगरावरच्या त्या खळग्यात त्यांनी कैऱ्या लपवल्या होत्या, आणि पुतळाने त्या शोधून खाल्ल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी वहीतल्या शब्दांवर खुणा केल्या. हल, वास, चव, हसू, घर. 'रडू' साठी त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. पेन जरा वेळ हातात धरून त्यांनी तिथेही खूण केली.

एका दिवसाने विचारलं, सगळ्यांना आलं. आठवड्याने विचारलं, आलं. सर घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आठवडा म्हणजे काय लक्षात राहणं नव्हे. आठवडाभर सर्दीसुद्धा राहते." पण त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

महिन्याने मात्र त्यांच्याऐवजी चाचणीने विचारलं, आणि घोटाळा झाला. चाचणी झाली, पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले आणि चौथ्या दिवशी शिक्षण विस्तार अधिकारी शर्मिला मॅडम फाईल घेऊन दारात. चौथीच्या एकेचाळीसपैकी तिघं गैरहजर होती. उरलेल्या अडतीस जणांनी एकाच प्रश्नाला अक्षरशः एकच उत्तर लिहिलं होतं: 'ज्या भूभागाच्या तीन बाजूंनी आमटी असते त्यास द्वीपकल्प म्हणतात.'

"अडतीस पेपर, एक चूक," शर्मिला मॅडम ऑफिसात बसून म्हणाल्या. "फळ्यावर लिहून दिलं असणार, नाहीतर एकमेकांचं बघितलं. घरत सर, कॉपीचा प्रकार असेल तर मला तुमचा वर्ग काढून घ्यावा लागेल. जूनपासून तुम्ही ऑफिसकाम बघाल."

चौथी गेली तर वर्षाला चाळीस पोरं गेली, आणि रस्त्यात भेटल्यावर विचारायला कुणी उरणार नाही. "मॅडम, तुम्ही पोरांनाच विचारा," एवढंच ते म्हणाले.

सगळे वर्गात गेले. शर्मिला मॅडमनी पहिल्या बाकावरच्या जागृतीला उभं केलं. "बाळा, खरं सांग. हे तुला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाय, मॅडम."

"मग कुठे बघितलंस?"

"बघितलं नाय. खाल्लं होतं."

करिमुन्निसा मॅडम खिडकीतून बाहेर बघू लागल्या. शर्मिला मॅडमनी चष्म्यातून वर्गाकडे पाहिलं. "पठार?" त्यांनी एकदम विचारलं. वर्गाने हवेतच हाताने माथा सपाट करून दाखवला. "दरी?" सगळ्यांचे हात उठले. "सरोवर?" उसामाला नुसती व्याख्या पुरेना, ते फोडल्यावर काय होतं तेही त्याने सांगितलं. पंधरा मिनिटं प्रश्न चालले, एकही अडला नाही.

"मग एवढं येतं तर द्वीपकल्पाला पाणी का नाही लिहिलंत?"

"मॅडम," उसामा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाण्याशी भात कोण खातं?"

त्या दिवशी बुधवार होता. शर्मिला मॅडमना व्हरांड्यात बसवलं, ताट दिलं. जागृती शेजारी बसली आणि नाव सांगितल्याशिवाय घास नाही हा नियम त्यांना समजावला. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि एक बऱ्यापैकी पठार केलं. पुतळाबाई लांबून बघत होत्या. "मॅडमचा उतार बरा जमला," त्या म्हणाल्या, पण हळू.

जाताना शर्मिला मॅडमनी भेट-नोंदवहीत लिहिलं: 'द्वीपकल्पाच्या तीन बाजूंना पाणी असते, याची विद्यार्थ्यांना कल्पना द्यावी. वर्ग घरत सरांकडेच ठेवावा. आमटी चांगली होती.'

सरांनी तशी कल्पना दिली. पुढच्या चाचणीत अडतीस जणांनी 'पाणी' लिहिलं. तीन जणांनी 'आमटी' लिहिलं. ते मागच्या वेळचे गैरहजर होते, आणि त्यांना बाकीच्यांनी शिकवलं होतं.

मग एप्रिल आला, निकाल लागला, वर्ग पाचवीला गेला. सर परत मागे राहिले. बाजारात, बसस्टॉपवर या पोरांपैकी कुणी लांबून दिसलं की ते रस्ता ओलांडायचे. बायकोने एकदा विचारलं, "आता का नाय विचारत?" सर कढीपत्त्याला पाणी घालायला गच्चीवर गेले. आधीच्या हजारांकडून हरीण आलं ते त्यांनी सोसलं होतं. या एकेचाळिसांकडून आलं तर सोसवणार नाही, असं त्यांना वाटायचं.

मे महिन्यात पुतळाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. दुपारची पंगत, अंगणात मांडव, तांदळाच्या भाकऱ्या, भात आणि कोंबडीचा रस्सा. मांडवापलीकडे वाघोबाचा डोंगर होता, मागच्या वर्षीपेक्षा आणखी बारीक. सर बसले आणि समोरच्या ओळीत त्यांना जागृती दिसली. ती त्याच गल्लीत राहायची. शेजारी तिचा चार-पाच वर्षांचा चुलतभाऊ भैरू. उठून जावं तर ताट वाढलेलं. सरांनी मान खाली घातली. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. ती कामात होती.

"बघ भैरू," ती सांगत होती, "तीन बाजूनी रस्सा. इकडून नाय. इकडून भाकरीवर जायचा रस्ता. ह्याला द्वीपकल्प म्हणतात."

"आनि ह्या बाजूनी पन रस्सा टाकला तर?"

"मग बेट. त्याच्यावर हरीण असतं."

हरणाचा तक्ता तर कपाटावर होता, गुंडाळलेला. पोरांनी तो कधी काढून बघितला कोण जाणे. सरांना हसू आलं.

भैरूने द्वीपकल्प खाऊन टाकलं, उरलेल्या भाताचा ढीग केला आणि मांडवाबाहेर एकदा बघून बोटाने त्याची एक बाजू सरळ खाली कापली. "हा आपला डोंगर."

"असा नाय," जागृती म्हणाली. तिने स्वतःच्या ताटातला भात कापलेल्या बाजूला लावला, चमचा उलटा केला आणि त्याच्या पाठीने थापत राहिली, थोडं वर, थोडं खाली. मग अंगठ्याने एक खळगा केला. "हितं वाघोबा. असा व्हता." ती जन्मली तेव्हा ती बाजू जाऊन दोन वर्षं झाली होती.

पुतळाबाई रस्स्याचं भांडं घेऊन ओळीतून येत होत्या. त्यांचा डाव भांड्यातच राहिला. जरा वेळाने त्या पुढे सरकल्या आणि सरांपाशी वाकल्या.

"नामा, रस्सा घालू ना रं?"

सरांनी भात ताटाच्या काठाकडे सरकवून घेतला.

"घाल," ते म्हणाले. "तीन बाजूंनी."

पुतळाबाईंनी तीन बाजूंनी घातला. समोर भैरू भाकरी खात होता, रस्सा ओरपत होता. डोंगराला मात्र बोट लावत नव्हता. तो त्याने शेवटी खायला ठेवला होता.